वेशीवरचा संगणक आणि चुकलेली वाट

पूर्वीं गांवाला वेस असे. गांवांत येणारा व गांवांतून बाहेर जाणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक बैलगाडी, त्या वेशींतूनच जाई. वेस उघडी आहे तोंवर तिची आठवण कोणास होत नसे. ती मिटली, म्हणजे मात्र आंतले आंत आणि बाहेरचे बाहेर, अशी सर्वांची स्थिति होई. आजच्या पुष्कळ घरांत अशीच एक वेस असते. घरांतील संगणक, फोन, छपाईचें यंत्र हीं सर्व आंतल्या बाजूस, आणि इंटरनेट नांवाचें अफाट जग बाहेरच्या बाजूस. ह्या दोहोंच्या मध्यें उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांस वाट दाखविणारें जें यंत्र, त्याला गेटवे म्हणतात. बहुतेक घरीं हें काम कंपनीनें दिलेली लहानशी पेटी करते. कांहीं हौशी व काटकसरी मंडळी मात्र जुना संगणक मोडींत न काढतां त्यांत दोन नेटवर्क कार्डें बसवितात, त्यावर लिनक्स ही प्रणाली चढवितात, आणि त्यालाच वेशीवर उभा करतात. एक कार्ड बाहेरच्या तारेला जोडलेलें, दुसरें घरांतील स्विचला. हा वेशीवरचा संगणक वाट चुकला, तर त्याला पुन्हा वाटेवर कसें आणावें, एवढाच प्रस्तुत विषय आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक घर डोळ्यांपुढें आणावें. कोंकणांतील तालुक्याचें गांव. डोंगराच्या आडोशामुळें घरांत मोबाइलला धड रेंज नाहीं. घरधनी गांवांतल्या दुकानदारांचे हिशेब लिहितात आणि त्यांचीं जीएसटीचीं विवरणपत्रें भरतात. महिन्याची २० तारीख, म्हणजे मासिक विवरणपत्राचा शेवटचा दिवस. दुपारीं कंपनीचा माणूस येऊन जुना मोडेम काढून नवी पेटी बसवून गेला, आणि तो गेल्यापासून घरांतल्या एकाहि संगणकावर इंटरनेट लागेना. नवल असें, कीं वेशीवरच्या संगणकापुढें बसून पाहावें, तर त्याला बाहेरचें जग दिसत होतें! परंतु त्याचा उपयोग काय? त्याच्यापाशीं नुसती आज्ञा लिहिण्याची काळी पाटी. हिशेबाचे सारे कागद आंतल्या संगणकांवर. विवरणपत्रें न गेलीं, तर दुसऱ्या दिवसापासून रोजचें विलंबशुल्क चढणार, आणि तें पडणार विश्वासानें कागद हवालीं करणाऱ्या दुकानदारांच्या माथीं.

अशा वेळीं सल्ल्यांस तोटा नसतो. एकजण म्हणाला, सर्व बंद करून पुन्हा चालू करा. दुसरा म्हणाला, स्विच जळला, नवा आणा. तिसऱ्यानें पेटीच्या पाठीमागील बारीक भोंकांत टांचणी घालून सारी मांडणी पुसून टाकण्याचा उपाय सुचविला. आणि चौथा म्हणाला, संरक्षणाची भिंत, म्हणजे फायरवॉल, तेवढी काढून टाका. ह्यांतील पहिला उपाय आंधळा, दुसरा खर्चिक, आणि तिसरा व चौथा घातक. चौघांचें एकच चुकलें: दुखणें कोठें आहे हें पाहण्याच्या आधींच त्यांनीं औषध काढलें. घरांतील मुलीनें मात्र निराळा मार्ग धरिला. तिनें कागद-पेन्सिल हातीं घेतली आणि म्हणाली, "बाबा, अर्धा तास कोणी कशाला हात लावूं नका." तिनें पुढें काय केलें हें समजण्यासाठीं आधीं पाकिटांचा प्रवास समजून घेतला पाहिजे.

संगणक जो मजकूर धाडतो तो एकसंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्या प्रत्येकास पाकीट म्हणावें. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते लिहिलेले असतात. पत्ता म्हणजे टिंबांनीं विलग केलेले चार आंकडे, प्रत्येक ० पासून २५५ पर्यंतचा, जसें, १९२.१६८.१.२०. सप्टेंबर १९८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या नियमपत्रांत ही पद्धति सांगितली आहे, आणि घरोघरच्या जाळ्यांत ती अजून चालू आहे.

आतां हें पाकीट मुक्कामास पोंचतें कसें? पुष्कळांची अशी समजूत असते, कीं वेशीवरच्या संगणकास सगळ्या जगाचा नकाशा ठाऊक असतो. वास्तविक त्याला नकाशा मुळींच ठाऊक नसतो. कल्याणास लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक कर्जतवरून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून नाशिककडे. तेथें टपालाच्या थैल्या वेगळ्या करणाऱ्या माणसास पुण्यांतली गल्ली अथवा नाशकांतला घाट माहीत असण्याचें कारण नाहीं. ही थैली कर्जतच्या गाडींत चढवावयाची कीं कसाऱ्याच्या, एवढेंच त्याला ठरवावयाचें असतें. पुढचें पुढचा माणूस पाहतो. इंटरनेटवरील प्रत्येक मार्गदर्शक यंत्राचें काम असेंच असतें. तें फक्त पुढचें एक पाऊल जाणतें.

हें पाऊल ठरविण्यासाठीं त्याच्याजवळ एक कोष्टक असतें. त्यास रूटिंग टेबल म्हणतात. मराठींत वाटांचें कोष्टक म्हणावें. त्याच्या प्रत्येक ओळींत एवढेंच लिहिलेलें असतें, कीं अमुक पत्त्यांचा समूह अमुक दारानें, अमुक शेजाऱ्याच्या हातीं द्यावा. पाकीट आलें, कीं यंत्र त्यावरील घेणाऱ्याचा पत्ता वाचतें, कोष्टकांत जुळणारी ओळ शोधतें, आणि त्या दारानें पाकीट सोडून देतें.

एका पत्त्यास दोन ओळी जुळल्या तर? ह्याचें उत्तर पिनकोडावरून सहज समजेल. आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. त्याचा पहिला आंकडा ४ असला तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड ह्या विभागांतलें. पहिले तीन आंकडे ४११ असले तर तें पुण्याचें. समजा, टपालाच्या खोलींत एका खणावर ४ लिहिलें आहे आणि दुसऱ्यावर ४११. पुण्याचें पत्र दोन्ही खणांस जुळतें; पण शहाणा कारकून तें ४११ च्याच खणांत टाकील, कारण जास्त आंकडे जुळणारा खण मुक्कामाच्या अधिक जवळ. संगणकाचा नियम हाच आहे. जिचे अधिक आंकडे जुळतील ती ओळ खरी. आणि ज्या पत्रास कोणताच खण जुळत नाहीं, त्यासाठीं 'बाकी सर्व' असा एक मोठा खण ठेवलेला असतो. संगणकाच्या भाषेंत ह्या ओळीला डिफॉल्ट रूट म्हणतात. घरच्या वेशीवर हा खण फार महत्त्वाचा, कारण घराबाहेरचें सारें जग त्याच एका खणांत जातें.

कोष्टकांत १९२.१६८.१.० ह्या पत्त्यापुढें तिरपी रेघ देऊन २४ असें लिहिलेलें दिसतें. संगणकाच्या लेखीं पत्ता म्हणजे ३२ शून्य-एकांची मालिका. त्यांतील पहिले २४ जुळले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. चार आंकड्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर पहिले तीन आंकडे जुळावे, चौथा कोणताहि चालेल. जेथें १९२.१६८.१ जुळलें, तो पत्ता ह्याच मोहल्ल्यांतला, असें यंत्र समजतें.

१९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते खाजगी आहेत. फेब्रुवारी १९९६ च्या नियमपत्रान्वयें हे व असेच आणखी दोन समूह घरगुती वापरासाठीं राखून ठेविले आहेत. एकच पत्ता लाखों घरांत असूं शकतो, जसा प्रत्येक चाळींत 'खोली क्रमांक ५' असतो. म्हणून असा पत्ता घेऊन पाकीट बाहेर गेलें, तर जगाला त्याचें उत्तर कोठें धाडावें तें कळणार नाहीं. ह्यासाठीं वेशीवरचा संगणक बाहेर जाणाऱ्या पाकिटावरील पाठविणाऱ्याचा पत्ता खोडून आपला बाहेरचा पत्ता घालतो, त्याची नोंद ठेवतो, आणि उत्तर आलें म्हणजे नोंद पाहून तें ज्याचें त्याला देतो. ह्या पत्ताबदलास नॅट म्हणतात.

एवढ्या विवेचनावरून दोन गोष्टी मनांत पक्क्या ठसल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक यंत्र फक्त पुढचें पाऊल जाणतें. म्हणून चूक शोधावयाची तर पावलापावलानेंच शोधली पाहिजे. दुसरी, उत्तराची वाट प्रश्नाच्या वाटेहून स्वतंत्र असते. पाकीट गेलें म्हणून उत्तर येईलच असें नाहीं. उत्तरासहि आपल्या पायांनींच परत यावें लागतें, आणि परतीच्या प्रत्येक चौकांत त्याच्यासाठीं कोष्टकाची ओळ असावी लागते. वाट चुकल्याचे निम्मे घोटाळे ह्या दुसऱ्या गोष्टीच्या विस्मरणानें सुटत नाहींत.

तपासाचीं साधनें थोडीं व फुकट आहेत. त्यांतलें पहिलें पिंग. अमेरिकन लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरींतील माइक मूस ह्यांनीं डिसेंबर १९८३ मध्यें तें लिहिलें. पाणबुडी शोधतांना ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकतात, त्या आवाजावरून त्यांनीं हें नांव ठेविलें. पिंग एखाद्या पत्त्यास हांक मारतें आणि 'ओ' येते काय हें ऐकतें. दुसरें साधन ट्रेसरूट. पाकीट मुक्कामास जातांना वाटेंत कोणकोणत्या चौकांतून गेलें त्यांचीं नांवें तें ओळीनें सांगतें. तिसरें, 'आयपी रूट' ही आज्ञा. ती वेशीवरच्या संगणकाचें कोष्टक उघडून दाखविते. आणि चौथें, तिचेंच भावंड, 'आयपी रूट गेट'; ह्या आज्ञेपुढें एखादा पत्ता लिहिला, म्हणजे त्या पत्त्याचें पाकीट आपण कोणत्या दारानें सोडूं, हें तो संगणक स्वतःच्या तोंडानें कबूल करतो.

पिंगला येणारीं उत्तरें सगळीं सारखीं नसतात, आणि त्यांतील फरक ओळखणें हीच तपासाची किल्ली आहे. 'नेटवर्क इज अनरीचेबल' असें उत्तर तात्काळ आलें, तर समजावें, कीं पाकीट घराबाहेर पडलेंच नाहीं. संगणकाच्या कोष्टकांत त्या पत्त्यासाठीं ओळच नाहीं. बहुधा 'बाकी सर्व' हा खण नाहींसा झालेला असतो. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असें आलें, तर ओळ आहे, दारहि आहे, पण दाराबाहेर ज्या शेजाऱ्याच्या हातीं पाकीट द्यावयाचें तो हांकेला ओ देत नाहीं. तार सुटली असेल, यंत्र बंद असेल, किंवा भलत्याच दारांत उभे राहून हांक मारली जात असेल. 'टाइम टु लिव्ह एक्सीडेड' असें आलें, तर पाकीट दोन यंत्रांमध्यें चेंडूसारखें टोलविलें जात असण्याचा संभव. प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा एक आंकडा असतो; लिनक्समध्यें तो बहुधा ६४ पासून सुरू होतो, आणि प्रत्येक चौकांत एकानें कमी होतो. शून्य झाला कीं पाकीट टाकून देतात, म्हणून वाट चुकलेलें पाकीट अनंत काळ भटकत नाहीं. आणि शेवटचें उत्तर म्हणजे निव्वळ मौन. मौनाचा अर्थ सर्वांत अवघड. पाकीट गेलें असेल आणि उत्तर वाटेंत हरवलें असेल. किंवा पलीकडच्यानें मुद्दाम उत्तर न देण्याचें ठरविलें असेल. म्हणून एका मौनावरून निर्णय करूं नये.

आतां त्या कोंकणांतील घरीं परत यावें. मुलीनें आरंभ जवळून केला. आंतल्या एका संगणकावरून दुसऱ्यास पिंग केलें, ओ आली. म्हणजे स्विच जिवंत आहे, तारा शाबूत आहेत. नव्या स्विचचे पैसे वांचले. मग आंतल्या संगणकावरून वेशीवरच्या संगणकास हांक मारिली, तर मौन. पुढें ती वेशीवरच्या संगणकापुढें बसली आणि तेथून बाहेरच्या एका पत्त्यास हांक मारिली. तत्काळ ओ आली. म्हणजे बाहेरची तार, नवी पेटी आणि कंपनी ह्या तिघांवर दोष नाहीं. दोष वेशीच्या आंतल्या अंगास, पण स्विचच्या बाहेर. म्हणजे खुद्द वेशीवरच्या संगणकांतच आहे. तीन हांकांत एवढा शोध लागला, आणि अजून कशालाहि धक्का लागलेला नव्हता.

मग तिनें दोन्ही कार्डांचे पत्ते कागदावर उतरविले. आंतल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.२५४, हा कित्येक वर्षांचा जुनाच. बाहेरच्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.७, हा नव्या पेटीनें त्या दिवशीं दुपारीं दिलेला. पेटीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१. ते एकाखालीं एक लिहितांच तिची पेन्सिल थांबली. दोन दारें, आणि दोन्ही दारांबाहेर एकच मोहल्ला!

कोष्टक उघडल्यावर संशय दृढ झाला. त्यांत तीन ओळी होत्या. पहिली, 'बाकी सर्व' बाहेरच्या दारानें १९२.१६८.१.१ च्या हातीं. दुसरी, १९२.१६८.१ चा मोहल्ला बाहेरच्या दारीं. तिसरी, १९२.१६८.१ चा मोहल्ला आंतल्या दारीं. दुसऱ्या व तिसऱ्या ओळींतील जुळणारे आंकडे सारखेच, २४. तेव्हां 'अधिक जुळेल ती खरी' हा नियम येथें निवाडा करूं शकत नाहीं. अशा बरोबरींत वरची ओळ जिंकते. मुलीनें 'आयपी रूट गेट' ह्या आज्ञेपुढें आंतल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२० लिहिला. यंत्रानें कबुली दिली, कीं ह्या पत्त्याचें पाकीट बाहेरच्या दारानें जाईल. हातांतला माणूस दाराआड उभा, आणि त्याच्या नांवानें गांवाबाहेर हांका, अशी ती स्थिति होती.

सर्व कोडें येथें उलगडलें. जुना मोडेम केवळ तार पुढें जोडून देणारा होता. नवी पेटी स्वतःच एक वेस होती, आणि तिनें आपल्या आंतल्या अंगास तोच मोहल्ला मांडला होता जो ह्या घरांत आधींपासून होता. वेशीवरच्या संगणकास जग दिसत होतें, कारण 'बाकी सर्व' ही ओळ शाबूत होती. आंतल्या संगणकाची हांक त्याच्यापर्यंत पोंचत होती. पण तिचें उत्तर तो भलत्या दारानें सोडीत होता. कांहीं लिनक्स संगणकांवर ह्याहून कडक पहारा असतो. ज्या दारानें पाकीट आलें त्या दारानें त्याचें उत्तर जात नसेल, तर तें पाकीट खोट्या पत्त्याचें समजून तेथेंच टाकून देतात. दोहोंचें फळ एकच, मौन.

उपाय आतां सरळ होता. दोन मोहल्ल्यांचीं नांवें निराळीं हवींत. नवी पेटी कंपनीची. तिला हात न लावतां मुलीनें घरचा मोहल्ला बदलला. आंतल्या कार्डास १९२.१६८.५०.१ हा पत्ता दिला. घरांतील संगणकांस पत्ते वाटणाऱ्या सेवेस ५० चे पत्ते वाटण्यास सांगितलें. पत्ताबदलाच्या व फायरवॉलच्या नियमांत जेथें जेथें जुना मोहल्ला लिहिला होता तेथें नवा लिहिला. प्रत्येक बदलापूर्वीं जुनी ओळ कागदावर उतरून घेतली. मग आंतल्या संगणकांच्या तारा काढून पुन्हा लावल्या, म्हणजे त्यांनीं नवे पत्ते घेतले. कबुलीची आज्ञा पुन्हा विचारली. ह्या वेळीं यंत्र म्हणालें, आंतल्या दारानें. रात्रीं ९ च्या सुमारास शेवटचें विवरणपत्र गेलें. छपाईच्या यंत्रास जुना पत्ता हातानें घातलेला होता, तें मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं ध्यानांत आलें. पत्ता हातानें लिहिलेलीं यंत्रें अशा बदलांत हटकून विसरतात. त्यांची यादी आधींच असावी.

ह्या घरापुढें आलेला घोटाळा बराच आढळतो, पण तो एकटाच नाहीं. त्याच्यासारखींच दिसणारीं, परंतु निराळ्या औषधाचीं, आणखी कांहीं दुखणीं आहेत.

वेशीवरच्या संगणकास जग दिसतें, आंतल्या संगणकांस वेशीपर्यंतची ओ मिळते, पण पलीकडे कांहीं जात नाहीं. अशा वेळीं दोन शक्यता पाहाव्यात. लिनक्स संगणक मुळांत दुसऱ्याचीं पाकिटें पुढें धाडीत नाहीं. 'आयपी फॉरवर्ड' ही मांडणी ० असते ती १ करावी लागते. ती केवळ चालू सत्रापुरती केली आणि मांडणीच्या फाइलींत लिहिली नाहीं, तर वीज जाऊन येतांच ती पुन्हा ० होते. 'काल चालत होतें, आज चालत नाहीं' ह्या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें सांपडतें. दुसरी शक्यता, पत्ताबदलाचा नियम पुसला गेला असेल. मग पाकिटें बाहेर जातात, पण परतीचा पत्ता 'माळ्यावरची खोली' असा लिहिलेला. जगानें उत्तर धाडावें कोठें?

घरांत बाहेरच्या दोन वाटा असल्या, जसें केबल आणि मोबाइलचें डोंगल, तर 'बाकी सर्व' असे दोन खण होतात. त्यांच्यापुढें मेट्रिक नांवाचा आंकडा असतो. ज्याचा आंकडा लहान तो खण वापरला जातो. मेलेल्या वाटेचा आंकडा लहान राहिला, तर जिवंत वाट शेजारीं असूनहि सारीं पाकिटें मेल्या वाटेनें जातात.

कधीं लहान पानें उघडतात, पण मोठीं चित्रें अथवा मोठे कागद अर्ध्यावर अडकतात. ही वाट चुकलेली नसते, अरुंद असते. साध्या तारेवर एका पाकिटाची मर्यादा १५०० अष्टकांची. पण पीपीपीओई ह्या पद्धतीनें जोडणी असली, तर तींतील ८ वेष्टनांत जातात आणि १४९२ उरतात. मोठ्या पाकिटाला 'लहान होऊन ये' असा निरोप वाटेंतून परत यावयास हवा. तो निरोपच एखाद्या फायरवॉलनें अडविला, तर मोठें पाकीट मुकाट्यानें नाहींसें होतें. संरक्षणाच्या अतिरेकानें सर्वच निरोप बंद करणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

बाहेरच्या आंकडी पत्त्यास ओ येते, पण नांवानें विचारलें तर कांहीं सांपडत नाहीं, असें झालें तर वाटेला दोष देऊं नये. नांवावरून पत्ता सांगणारी डीएनएस ही सेवा निराळी आहे. वाट ठीक आहे, पत्त्याची वही मिळत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. तसेंच नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचें कोष्टक वेगळें असतें. एक कोष्टक बिनचूक म्हणून दुसरें बिनचूक असें समजूं नये.

सारांश, क्रम असा ठेवावा. प्रथम तार व दिवा. मग दोन्ही कार्डांचे पत्ते, आणि ते एकाच मोहल्ल्यांतले नाहींत ना, ही खात्री. मग कोष्टक, आणि त्यांत 'बाकी सर्व' ही ओळ एकच व योग्य दारीं आहे ना, हें पाहणें. मग जवळच्या शेजाऱ्यास हांक, मग दूरच्या आंकडी पत्त्यास, आणि शेवटीं नांवास. हीच प्रश्नावली एकदां वेशीवरच्या संगणकावर आणि एकदां आंतल्या संगणकावर म्हणावी. जेथें दोघांचीं उत्तरें निराळीं पडतात, तेथें दुखणें आहे. एका वेळीं एकच बदल करावा. गुण न आल्यास तो मागें घ्यावा, मगच दुसरा करावा. दोन बदल एकदम केले आणि गुण आला, तर कशानें आला तें कळत नाहीं. आणि न आला, तर एका दुखण्याचीं तीन होतात.

आणि ज्या दोन उपायांस वर घातक म्हटलें, त्यांची कारणें सांगितलीं पाहिजेत. टांचणीनें मांडणी पुसली, म्हणजे कंपनीनें दिलेलें वापरनांव व संकेतशब्दहि पुसले जाण्याचा संभव असतो. ते कागदावर नसले, तर कंपनीचें कार्यालय उघडेपर्यंत उरलेली वेसहि बंद. शिवाय बिघाडाचा सारा पुरावा त्याबरोबर नाहींसा होतो. फायरवॉल काढून टाकली, तर चुकलेली वाट बहुधा सांपडत नाहींच; पण घराचें दार मात्र सताड उघडें पडतें, आणि घाईंत काढलेली भिंत पुन्हा उभारण्याची आठवण काम झाल्यावर क्वचितच राहते. त्या घरांत दुकानदारांचे हिशेब होते. ते दुसऱ्याचे होते, ही गोष्ट विसरून चालण्यासारखी नव्हती.

त्या रात्रीं मुलीनें जो कागद लिहिला, तो तिच्या वडिलांनीं वेशीवरच्या संगणकाच्या बाजूस चिकटवून ठेविला. त्यावर दोन्ही दारांचे पत्ते, कोष्टकाच्या ओळी, हातानें पत्ता दिलेल्या यंत्रांची यादी, आणि खालीं तारीख आहे. पुढें केव्हांहि वाट चुकली, तर काल काय होतें आणि आज काय बदललें, हें त्या कागदाशीं ताडून पाहतां येईल. प्रत्येक घरच्या वेशीवर असा एक कागद असावा. तो लिहावयाची वेळ मात्र वेस उघडी असतांनाची.